कुंपणावरची कळलावी

गेल्या श्रावणांतील गोष्ट आहे. पहांटेच्या सुमारास माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला अशी ठणक लागली कीं, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. वाणगांवाहून गाडीनें बोईसरास जाऊन डॉक्टरांना पाय दाखविला. "हें वातरक्त, इंग्रजींत गाउट," असें सांगून त्यांनीं कोल्चिसीन नांवाच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. घरीं परततों तों शेजारचे एक वाचनप्रिय गृहस्थ समाचारास आले. चिठ्ठी वाचतांच ते उद्गारले, "गुरुजी, हें औषध तर आपल्या कुंपणावर फुकट वाढतें आहे! कळलावींत हेंच द्रव्य असतें. कंद उगाळून घ्यावा, म्हणजे झालें."

त्यांचें म्हणणें निम्में खरें होतें, आणि सारा धोका त्या खऱ्या निम्म्यांतच होता.

ही वेल आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. पहिल्या पावसाबरोबर जमिनींतल्या कंदाला कोंब फुटतो. वर चढण्यासाठीं तिला वेगळे ताणे नसतात. पानाचें टोंकच लांबत जाऊन शेजारच्या फांदीला विळखा घालतें. फूल उमलतांना हिरवट पिवळें असतें, मग शेंदरी होत होत अखेर लालभडक होतें. सहाही पाकळ्या मागें उलटलेल्या आणि कडांना नागमोडी, त्यामुळें जणू ज्वाळाच उठल्या आहेत असें वाटतें. संस्कृतांत तिला अग्निशिखा म्हणतात तें यावरूनच. कोंकणांत याच फुलांना 'गौरीचे हात' असेंही नांव आहे. लिनियसनें १७५३ सालीं या वंशाला 'ग्लोरिओसा' हें नांव दिलें. आफ्रिका व आशिया या खंडांच्या उष्ण भागांत हा वंश पसरलेला आहे; आपल्याकडील जात ती 'ग्लोरिओसा सुपर्बा'. तामिळनाडूचें तें राज्यपुष्प आहे, झिंबाब्वेचें राष्ट्रीय पुष्प आहे. १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथ हिला एकविसाव्या वाढदिवशीं दक्षिण ऱ्होडेशियांतील शाळकरी मुलांनीं वर्गणी जमवून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा अलंकार दिला होता. जन्मभर मुलांत वावरलेल्या मला ही हकीकत विसरवत नाहीं.

आतां 'कळलावी' या नांवाकडे वळूं. कळ म्हणजे येथें प्रसूतीची वेणा. बाळंतपण अडलें म्हणजे हा कंद वाटून बेंबीवर, ओटीपोटावर आणि तळपायांस त्याचा लेप देत असत. संस्कृतांतील 'गर्भपातिनी' हें दुसरें नांव या उपयोगाची काळी बाजूही सांगतें. 'कळ लावणें' याचा भांडणाशीं संबंध जोडून कित्येक घरांत ही वेल मुळीं लावीतच नाहींत. (भांडणास वेलीची गरज लागते, असा माझा तरी अनुभव नाहीं.) कंद नांगरासारखा दुफांटी असतो म्हणून वैद्यकांत तिचें नांव लांगली. आयुर्वेदानें तिची गणना रुई, कण्हेर, गुंज, धोतरा यांच्याबरोबर उपविषांत केली आहे, आणि गोमूत्रांत भिजवून शोधन केल्याविना ती वापरूं नये असें सांगितलें आहे. 'झाडपाल्याचें औषध निरुपद्रवी' ही समजूत जुन्या वैद्यांची नव्हे. ती आपली आहे.

कोल्चिसीन प्रथम हातीं आलें तें कळलावींतून नव्हे. १८२० सालीं पेलेतिये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं तें कोल्चिकम या वनस्पतींतून वेगळें काढलें. कळलावी त्याच कुळांतली. आज तामिळनाडूंत शेतकरी तिची रीतसर लागवड करतात. बियांत द्रव्य अधिक असल्यानें बिया कारखान्यांकडे जातात.

तें काम करतें कसें? वातरक्तांत युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत सांठतात व रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांवर धांवून जातात. सूज आणि ठणक त्या धुमाळीची असते. पेशींच्या आंत जे सूक्ष्म तंतू जुळतात, त्यांची जुळणी कोल्चिसीन मोडतें, त्यामुळें पांढऱ्या पेशींची धांव मंदावते. परंतु पेशी दुभंगून नव्या होण्यासही तेच तंतू लागतात. म्हणून मात्रा वाढली कीं जेथें पेशी अहोरात्र नव्या होत असतात तीं ठिकाणें आधीं बळी पडतात: आतड्यांचें अस्तर, हाडांतील मगज, केसांचीं मुळें. अवघ्या सात मिलिग्रॅमांनीं, म्हणजे माझ्या चौदा गोळ्यांनीं, मृत्यू ओढवल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत. कंदांत द्रव्य किती, हें सहाणेवर कोण मोजणार? जमिनीगणिक आणि ऋतुगणिक तें पालटतें.

आणखी एक कपट या विषांत आहे. पोटांत गेल्यावर कित्येक तास कांहींच जाणवत नाहीं. मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, आणि पुढल्या कांहीं दिवसांत रक्त बनण्याचें मंदावतें, मूत्रपिंडें व हृदय खचतात. सर्वत्र मिळेल असा उतारा नाहीं. श्रीलंकेंत खाण्याचा कंद समजून हा खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. कंद पोटांत गेल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

माझी ठणक दुसऱ्या दिवशीं उतरली, परंतु तिसऱ्या दिवशीं पोट बिघडलें. डॉक्टरांना दूरध्वनि केला. "गोळी आतांच थांबवा," एवढेंच ते बोलले. मोजून दिलेल्या औषधाची ही कथा! तेव्हां एकाएकीं मला आठवलें कीं, शेजाऱ्यांनीं जातांना आपल्या आईच्या गुडघेदुखीसाठीं माझ्याच कुंपणांतला एक कंद खणून नेला होता. काठी घेऊन लंगडत तसाच त्यांच्या दारीं गेलों. कंद धुऊन सहाणेजवळ ठेवलेला होता. अमावास्या टळावी म्हणून म्हातारबाई थांबल्या होत्या. मीं तो मागून आणला आणि परसांत खोल पुरला. गौरीच्या वेळीं त्याच जागीं पुन्हां कोंब दिसला, तो मीं ठेवला आहे.