गाणं टुकार की ते वाजवणारे?

एक प्रयोग करून बघा. कॉलेजच्या कट्ट्यावर, नाहीतर सकाळी डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या एवढाच प्रश्न टाका : सगळ्यात टुकार हिट गाणं कुठलं? ठाणं यायच्या आत ग्रुपचे दोन तट पडलेले असतील. कुणी २०१५मध्ये धुमाकूळ घातलेल्या 'शांताबाई'चं नाव घेईल, कुणी म्हणेल 'झिंगाट' आता पुरे, कुणाला 'गुलाबी साडी'चं रील दिसलं तरी कसंतरी होतं. मग दारापाशी लटकलेला एखादा विचारेल, 'अरे, मग परवा हळदीत कोण नाचत होतं?'

आपल्याकडे हे भांडण जरा जास्तच रंगतं, कारण इथे दोन जगं शेजारी शेजारी राहतात. डोंबिवली म्हणजे सांस्कृतिक नगरी. दिवाळी पहाटेला फडके रोड, पाडव्याला शोभायात्रा. तिथून रिक्षा केली की मानपाडा, भोपर, नांदिवली. या आगरी गावांत हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी, आणि बेंजो किंवा डीजे नसेल तर ती हळदच नाही. दोन्हीकडची पोरं एकाच बाकावर बसतात, पण 'चांगलं गाणं' म्हणताना दोघांच्या डोक्यात वेगवेगळं काहीतरी वाजत असतं.

कल्याणच्या शिंदे कुटुंबाचंच बघा ना. प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातलं 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागलं की आपले आजी-आजोबा हात जोडतात. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांनी कॅसेटच्या जमान्यात 'नवीन पोपट' गाजवला, तेव्हा तीच घरं नाक मुरडत होती. आणि नातू आदर्श शिंदे 'दुनियादारी'त 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' गातो, तेव्हा पुन्हा सगळे गप्प होऊन ऐकतात. गळ्याची ताकद घरातलीच आहे. फरक पडला तो शब्दांचा, आणि गाणं कुठे वाजतंय याचा.

'कुठे वाजतंय' हा मुद्दा तर फारच मोठा. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं 'जत्रा' सिनेमातलं 'कोंबडी पळाली' अनेकांना उथळ वाटलं. २०१२मध्ये अजय-अतुल यांनी तीच चाल 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून वापरली. गायिका श्रेया घोषाल, पडद्यावर कतरिना. मग ते सोसायटीच्या गॅदरिंगमध्येही चाललं! चाल तीच होती हो. ती बँड्रामार्गे परत आली इतकंच.

काही तक्रारी खऱ्याही आहेत. नियमानुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. खिडकीच्या काचा थरथरत असताना आणि सकाळी पेपर असताना कुठलंही गाणं टुकारच वाटणार, अगदी 'पाऊले चालती'सुद्धा. पण ही तक्रार डीजेच्या भिंतीची झाली, गाण्याची नाही.

मग गाणं तपासायचं कसं? माझ्या मते बेंजो पार्टीसारखी परीक्षा नाही. तिथे शब्द नसतात, गायक नसतो, ऑटोट्यून नसतं. उरते फक्त चाल. 'कोंबडी' तिथे झकास पास होते, 'झिंगाट'ही. उलट सध्याची कितीतरी 'क्लासी' प्रेमगीतं बेंजोवर वाजवून बघा, तिसऱ्या ओळीला कळणारही नाही कुठलं गाणं चाललंय. दुसरी परीक्षा शब्दांची. ठेका काढून शब्द सावकाश, आईसमोर मोठ्याने वाचायचे. मुलगी नाही म्हणतेय आणि गाणं तिच्या मागेच लागलंय, असली गाणी इथे उताणी पडतात. त्यात हिंदी-पंजाबी, शहरी, महागडे व्हिडिओवाले हिट भरपूर सापडतात, हे विशेष. 'शांताबाई'? शब्द पातळ आहेत, दुसऱ्या अंतऱ्याला कंटाळा येतो. पण वाईट? नाही बुवा.

खरी गोची एका शब्दात आहे, 'छपरी'. हल्ली गाणं आवडलं नाही की आपण हाच शिक्का मारतो. त्यात छप्पर आहे, नीट ऐका. म्हणजे आपण चालीबद्दल किंवा शब्दांबद्दल बोलतच नसतो. ते गाणं ऐकणारा कुठल्या घरात राहतो, कसे केस कापतो, यावर बोलत असतो. शेजारच्या बाकावरचा मित्र ते ऐकतो, हसतो, आणि पुढच्या वेळी स्वतःची प्लेलिस्ट ग्रुपमध्ये लावत नाही. हे आपल्या लक्षातही येत नाही.

'चाल चोरलीय', 'शब्द घाणेरडे आहेत', 'तेच ते ऐकून कान किटले', यातलं काहीही म्हणा, बिनधास्त भांडा. तुमची टॉप पाच टुकार गाणी आम्हाला जरूर कळवा. अट एकच, प्रत्येकापुढे कारण लिहायचं. आणि त्यातल्या कुठल्या गाण्यावर तुम्ही स्वतः शेवटचे कधी नाचलात, तेही.