मिनिटकाट्याच्या एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा प्ले

गॅरेजमधला मिस्त्री स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून बघतो आणि म्हणतो, "प्ले आलाय." म्हणजे चाकं वळायच्या आधी स्टिअरिंग थोडं रिकामंच फिरतंय. बोटभर प्ले असताना गाडी वर्षभर रेटणारे आपल्यात कमी नाहीत. काही लढाऊ विमानांच्या शेपटीचा पृष्ठभाग अख्खाच्या अख्खा फिरतो. अमेरिकी लष्करी नियमांनी त्याला किती प्ले मान्य केला होता? ०.०३४ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा एवढा कोन सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात कापतो. बिजागरीपासून मीटरभर अंतरावर ही हालचाल भरते जेमतेम ०.६ मिलिमीटर.

इतका कंजूषपणा कशासाठी? तर हवेचा मारा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला तो चौरस मीटरवर सुमारे १७ किलो असतो; बसच्या खिडकीबाहेर तळहात आडवा धरला की जाणवतो तो हाच. समुद्रसपाटीजवळ ताशी १,२०० किलोमीटरला वेग वीसपट, पण मारा चारशेपट: जवळजवळ सात टन.

पण नुसत्या वजनाने पंख मोडत नाही, ते पेलायला तो बांधलेलाच असतो. घात होतो तो लयीने. पंख वाकतो आणि पिळवटतोही, आणि दोन्हींची लय निराळी असते. वेग वाढतो तशा या लयी एकमेकींकडे सरकतात. त्या जुळल्या की पंख दर हेलकाव्याला हवेतूनच ऊर्जा उचलू लागतो. हा फ्लटर.

कागदावर हिशेब मांडू. सेकंदाला दहा हेलकावे, प्रत्येक आधीच्यापेक्षा २० टक्के मोठा, आणि सुरुवात फक्त १ मिलिमीटरची. एका सेकंदाने ६ मिलिमीटर. दोन सेकंदांनी ३८. तिसऱ्याच्या शेवटी २४ सेंटिमीटर, चौथ्याच्या शेवटी जवळजवळ दीड मीटर! अर्थात चौथ्या सेकंदापर्यंत पंख जागेवर राहिला तर.

खरा पंख मात्र इतक्या सरळ गणिताने वागत नाही. काही वेळा हेलकावा वाढत जाऊन एका मापावर अडकतो, ना वाढतो ना विरतो. एफ-१६ या लढाऊ विमानाच्या पंखाखाली काही ठरावीक बाँब-क्षेपणास्त्रं लटकवली की हे घडतं. विमान मोडत नाही, पण वैमानिक हादरत राहतो. प्लेचं दुखणं वेगळं. त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीत सांध्याला ताठरपणाच नसतो, म्हणून सरळ गणिताने निर्धोक ठरवलेल्या वेगालाही फडफड सुरू होऊ शकते. शास्त्रज्ञ याला अरेषीय वर्तन म्हणतात. मला मिस्त्रीचाच शब्द जास्त पटतो.

सांधा ढिला राहिला की काय होतं, ते एकदा प्रेक्षकांनीच पाहिलं. १४ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधल्या एअर शोमध्ये एफ-११७ हे स्टेल्थ विमान प्रेक्षकांसमोर उडत होतं. डाव्या पंखाच्या एलेव्हॉनला, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या फळीला, आधार देणाऱ्या सांध्यात पाच फास्टनर हवे होते. त्यांतले चार बसवलेलेच नव्हते. एलेव्हॉन फडफडला आणि पंखाचा मोठा तुकडा तुटून निघाला. वैमानिक इजेक्ट करून वाचला.

प्रवासी विमानांना नियम असा की ठरवलेल्या कमाल डाइव्ह वेगाच्या वर आणखी १५ टक्क्यांपर्यंत फ्लटर होता कामा नये. तेव्हा खिडकीतून पंखाचं टोक वरखाली होताना दिसलं तर दचकू नका. हेलकावा विरतोय ना, एवढंच बघा.