परसातले शेवटचे माळवे : खावे काय, वाळवावे काय, फेकावे काय



दिवाळी सरली की परसातले वेल पिवळे पडू लागतात. दोडका, गवार, कारले, दुधी, अंबाडी यांचा हा शेवटचा तोडा. पुष्कळ घरी तो वेलावरच जून होतो, नाहीतर जनावरांपुढे जातो. पण आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायलाच पाणी पुरत नाही, तर परसाला कुठून घालणार? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून आज हाती आहे ते माळवे नीट वापरा.

आधी चव घ्या

पाण्याचा ताण पडलेल्या वेलाचा दुधी किंवा दोडका कधी कधी कडू निघतो. चिरताना बारीकसा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर लगेच थुंका आणि ते फळ फेकून द्या. हा कडूपणा विषारी असतो. शिजवून किंवा गूळ-मीठ घालून तो जात नाही. कडू दुधीचा रस पिऊ नये, असा सल्ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही दिलेला आहे. असे फळ पोटात जाऊन उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करीत बसू नका, थेट दवाखाना गाठा. कडू फळाच्या वेलाचे बीसुद्धा धरू नये. कारल्याचे तसे नाही बरं का, ते मुळातच कडू असते.

दुसरी गोष्ट फवारणीची. तुरीवर, कापसावर औषध मारले असेल तर त्या रानातल्या शेंगा किंवा बांधावरची अंबाडी तोडू नका. डब्यावर लिहिलेले दिवस उलटू द्या.

थोडे थोडे उरले तर भज्जी

लातूर भागात वेळ अमावस्येला होते ती भज्जी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिला सणाचीच वाट कशाला पाहायची? मूठभर गवार, एखादे वांगे, भोपळ्याची फोड, दोडका, तुरीचे आणि वालाचे ओले दाणे, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, जे असेल ते घ्या. दाणे व शेंगा आधी शिजवा, पालेभाजी मागून घाला. चिंचेच्या पाण्यात हरभऱ्याचे पीठ कालवून त्यात सोडा, गाठी होऊ देऊ नका. वरून लसूण, जिरे, हिरवी मिरची यांची फोडणी. अंबाडी घातली तर चिंच कमी करा. डाळीचे पीठ, दाणे आणि पालेभाजी एका ताटात आली की लेकरांना आणि गरोदर बाईला चांगला आधार मिळतो.

जास्त असेल तर वाळवा

गवार : कोवळ्या शेंगा निवडून धुवा. उकळत्या पाण्यात थोडे मीठ टाकून २-३ मिनिटे ठेवा, निथळून उन्हात पसरा.

कारले : पातळ चकत्या करा, मीठ लावून पिळा आणि वाळत घाला.

अंबाडी, मेथी : पाने सावलीतच वाळवा. कडक उन्हात रंग उडतो आणि जीवनसत्त्वही कमी होते.

या दिवसांत रात्री दव पडते. म्हणून दिवस मावळायच्या आत वाळवण घरात घ्या. वरून पातळ धडपे झाका, म्हणजे धूळ-माशी बसणार नाही. शेंग मोडल्यावर कट्कन आवाज आला की वाळली समजा. पुरती थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. मधून मधून डबा उघडून पाहा. ओल वाटली तर पुन्हा ऊन द्या, बुरशी दिसली तर मात्र टाकून द्या.

चैत्र-वैशाखात बाजारची भाजी महागते, तेव्हा मूठभर गवार भिजवा आणि दाण्याचा कूट घालून परता. भाकरीबरोबर घरची भाजी तयार!