चहा कशात उकळतो?

अमेरिकेत सिॲटलच्या परिसरात अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळू लागले. शोध घेता घेता माग स्वयंपाकघरात पोहोचला. मायदेशाहून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या आणि पितळेच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरत होते. तिथल्या किंग काउंटीच्या संशोधकांनी हे २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात भांड्यांबाबत इशारा दिला, त्यात हिंडालियम या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचेही नाव होते.

हे वाचून मी हादरलो, कारण हिंडालियमची पातेली आणि कढया आपल्या घरोघरी आहेत. प्रत्येक भांडे घातक आहे असे मुळीच नाही. भांडे भंगार वितळवून केलेले असेल, तर खरी भीती. मोटारींचे, यंत्रांचे सुटे भाग भट्टीत जातात आणि त्यांच्यासोबत शिसेही जाते. वरून चकाकी पाहून काही कळत नाही, घासूनही ते निघत नाही. आणि शिशाची सुरक्षित मात्रा अशी नसतेच, मुलांसाठी तर नाहीच.

ॲल्युमिनियमची गोष्ट एवढी गंभीर नाही. चहाचे झाड स्वतःच जमिनीतून ते शोषून पानांत साठवते. तरीही लिंबाचा चहा ॲल्युमिनियमच्या किटलीत उकळू नये, आंबटपणाने धातू जास्त सुटतो. पितळेचे पातेले वापरायचे तर आतून कल्हई हवी, आणि ती शुद्ध कथलाची. कल्हई उडालेले पातेले चहाला नको.

माझे मत स्पष्ट आहे: रोजच्या चहाला स्टेनलेस स्टील घ्या, शक्यतो ३०४ प्रतीचे. मार्च २०२४ च्या केंद्राच्या आदेशाने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आहे, ते पाहून घ्या. विजेची किटली घेताना आतली बाजू पूर्ण स्टीलची आहे ना, पाणी उकळल्यावर आणि आटल्यावर ती आपोआप बंद होते ना, हे तपासा. साध्या विजेच्या किटलीत दुधाचा चहा करू नका. दूध उतू जाते, तळाला लागते.

आता चहाचे गुण. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या २०२२ च्या अभ्यासात, दिवसाला दोन किंवा अधिक कप काळा चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला. त्यांतले बहुतेक जण चहात दूध घालत होते. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, औषधाचा पुरावा नव्हे. त्याच्या भरवशावर दोन चमचे साखर खपवता येणार नाही.

चहा किती गरम प्यायचा, हे फार महत्त्वाचे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. ६० अंशांहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्के अधिक निघाला. बशीत ओतून, फुंकर घालून पिणारी आपली आजी-आजोबांची पिढी याबाबतीत शहाणी होती.

राहिली चहा-चपाती. चहातल्या टॅनिन्समुळे धान्यातले लोह शरीरात कमी शोषले जाते, आणि देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२४ मध्ये जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळायला सांगितले आहे. न्याहारीला पोहे असतील तर त्यावर लिंबू पिळा, लोह चांगले शोषले जाते. चहा तासाभराने घ्या.