चेहऱ्यावरील वांग : कारणे आणि उपाय

उज्जैनच्या वेधशाळेत एक शंकुयंत्र आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे यांनी 1923 साली केला, आणि पुढे तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली हा शंकू उभा राहिला. 21 जूनच्या सुमारास, आकाश निरभ्र असल्यास, भर मध्यान्ही त्याची सावली जवळजवळ नाहीशी होते. कारण हे नगर कर्कवृत्तालगत असल्याने सूर्य तेव्हा थेट माथ्यावर येतो. सूर्य इतका प्रखर असलेल्या प्रदेशात माणसाची त्वचा आपले रक्षण कसे करते, हे समजले म्हणजे वांगाचे निम्मे कोडे उलगडते.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंजकद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवितात. हे द्रव्य सूर्याचे अतिनील किरण शोषून पेशींच्या केंद्राला जणू छत्री धरते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती व कसले रंजकद्रव्य बनवितात यात. एखाद्या जागी या पेशी प्रमाणाबाहेर काम करू लागल्या, म्हणजे तेथे काळसर डाग उमटतो.

गाल, कपाळ, नाक आणि वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना सारखा पसरणारा तपकिरी डाग म्हणजे वांग. सुश्रुतसंहितेत ‘व्यंग’ या नावाने त्याची गणना क्षुद्ररोगांत केली असून तो वेदनारहित, पातळ व काळसर असल्याचे सांगितले आहे. त्याची मुख्य कारणे तीन : ऊन, आनुवंशिकता आणि स्त्रीशरीरातील संप्रेरकांचे बदल. म्हणूनच गरोदरपणी, किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असता, ते पुष्कळदा प्रकट होते. बाळंतपणानंतर काहींचे आपोआप फिकट होते, काहींचे मात्र राहते. पुरुषांनाही ते होते. ‘रक्त बिघडले’ किंवा ‘यकृत खराब झाले’ या समजुतीला आधार नाही.

परंतु प्रत्येक काळा डाग वांग नव्हे. मुरूम, खरूज किंवा भाजणे बरे झाल्यावर मागे डाग राहतो. कुंकू, टिकलीचा डिंक किंवा केसांचा कलप यांतील एखादे द्रव्य न सोसल्यास त्या जागी काळेपणा येतो. तेथे मलमापेक्षा ती वस्तू सोडणे हाच उपाय. मानेवर व काखेत मखमलीसारखी जाड, काळी त्वचा दिसू लागल्यास मधुमेहाची तपासणी करावी. बोटांच्या सांध्यांवरील काळेपणा कधी ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावाचे चिन्ह असतो. म्हणून आधी निदान, मग औषध.

दुर्दैवाने घडते ते उलटे. लग्नाच्या वयाची मुलगी असली की शेजारीपाजारीच तिच्या गालाची चर्चा करू लागतात, आणि घाबरलेली आई दुकानातून मिळेल ती नळी आणते. ‘गोरे करणाऱ्या’ पुष्कळ मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, केस व मुरूम येतात, आणि मलम थांबविताच आग होऊन डाग अधिक गडद होतो. अशा अनेक मलमांची चिठ्ठीवाचून विक्री होऊ नये म्हणून भारत सरकारने 2018 साली नियम कडक केले. याहून भयंकर पारा. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे अशाच पारायुक्त मलमामुळे बाधित झाल्याचे 2023 मध्ये उघडकीस आले. केरळातील मलप्पुरम भागातही 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या अनेक रुग्णांनी अशी मलमे वापरली होती, असे आढळले. लिंबू चोळून उन्हात जाणेही घातक. लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजून नवे डाग पडतात.

खरा उपचार उन्हापासून सुरू होतो. दुपारच्या उन्हात छत्री किंवा रुंद काठाची टोपी वापरावी, आणि सूर्यप्रतिबंधक मलम पुरेसे लावून दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवितो. म्हणून लोहाची संयुगे असलेले रंगीत मलम अधिक उपयोगी ठरते. त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञ हायड्रोक्विनोन, अॅझेलाइक आम्ल, ट्रेटिनॉइन यांसारखी औषधे देतात. हायड्रोक्विनोन ठराविक महिनेच वापरावयाचे असते. बेसुमार वापराने त्वचेवर निळसर-काळे डाग बसू शकतात. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या काही रुग्णांना देतात, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका पाहूनच. गरोदर स्त्रीने यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि ऊन टाळले नाही तर वांग परत येते. डाग वरच्या थरात असेल तर तो लवकर फिकट होतो. खोल असेल तर काही अंशच राहून जातो. एवढे मान्य करण्यात कमीपणा नाही. वांगाने कोणाचे आयुष्य कमी होत नाही. ते घालविण्याच्या घाईने मात्र होऊ शकते.