शेळी उलटली म्हणून विकू नका

मागच्या महिन्यात धाराशिवहून मामांचा फोन. "अरे, तीन शेळ्यांना दोन महिने माजच नव्हता. शेजारच्या गावचा बोकड आणला, तर तिसऱ्या दिवशी तिघी माजावर! फळवल्या, आणि पाच-सहा दिवसांत परत उलटल्या. बोकड परत देतो न् शेळ्या बाजारात नेतो."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण दोन रात्री बसून यावरचं संशोधन वाचलं. आजचा भाग त्यावरच.

माज थांबलेल्या शेळ्यांत नवखा, जोमदार बोकड सोडला की काही मिनिटांतच मादीच्या शरीरात एलएच नावाचं संप्रेरक वारंवार सुटायला लागतं. दोन-तीन दिवसांत बीज सुटतं. याला 'मेल इफेक्ट' म्हणतात.

हे होतं कशामुळे? एक कारण वास. जपानी संशोधकांनी बोकडांच्या डोक्यावर चक्क टोप्या बांधून केसांतून उडणारी रसायनं गोळा केली. २०१४ मध्ये त्यांनी त्यातलं ४-इथिलऑक्टॅनल जाहीर केलं. मादीच्या मेंदूतलं प्रजननाचं केंद्र त्याने जागं होतं. खच्ची केलेल्या बोकडात ते सापडलं नाही. गंमत म्हणजे त्याला लिंबूवर्गीय वास असतो; हवेत त्याचं आम्ल झालं की मग तो आपल्या ओळखीचा बोकडवास!

पण नुसता वास पुरत नाही. मेक्सिकोत काही बोकडांना अडीच महिने रोज १६ तास उजेड देऊन बिगरहंगामात जोमात आणलं. त्यांच्यामुळे बहुतेक शेळ्या माजावर आल्या. सुस्त बोकडांमुळे फारशा नाहीत. म्हणजे बोकडाचं ओरडणं, मागे लागणं, हेही मोजलं जातं.

आता मामांचा प्रश्न. बरेच दिवस बंद असलेलं चक्र सुरू होताना पहिल्या बीजानंतर बीजकोषात तयार होणारी गाठ कच्ची असते. ती पाच-सहा दिवसांत विरते आणि गर्भ टिकत नाही. मग शेळी पुन्हा माजावर येते, आणि हा दुसरा माज सहसा खरा असतो. म्हणजे दोष शेळीचाही नव्हता, बोकडाचाही नाही.

मी म्हटलं, "मामा, बोकड अजून पंधरा दिवस ठेवा. दुसऱ्या माजाला फळवा. त्यानंतर २१ दिवसांनी उलटली, तर डॉक्टरांना दाखवा."

परवा २१ दिवस उलटून गेले. दोघी शांत आहेत, तिसरी उलटली. तिला डॉक्टर बघतील. बाजार मात्र टळला.