टिकल्यांचे कोट आणि इंग्रजी ‘व्ही’ची गिटार

यंदाच्या गणपतीत सुरतेतल्या आमच्या उधन्यातल्या एका मंडळानं ऑर्केस्ट्राची रात्र रद्द केली. त्याऐवजी एक तरुण आला. काळा टी-शर्ट, विटलेली जीन्स, मांडीवर फिकट लाकडाची गिटार, समोर लॅपटॉप. उंच स्टुलावर बसला तो उठलाच नाही. समोर लिंबायत, डिंडोलीतनं आलेल्या बाया पोरांना घेऊन तासभर आधी जागा धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघण्यापेक्षा तो लॅपटॉपकडे जास्त बघत होता. तिसऱ्या गाण्याला पोरं पेंगायला लागली, चौथ्याला आया चपला शोधायला लागल्या. मी मंडळाच्या एका कार्यकर्त्याला विचारलं, तर म्हणाला, “काका, आता हेच चालतं. जरा क्लासी वाटतं.”

हे ‘क्लासी’ मला झोंबलं. जणू काही आधीची पन्नास वर्षं या शहरातला मराठी माणूस गावंढळच होता आणि आता कुठे त्याला सभ्यपणा आला.

तर जरा मागे जाऊ. फार मागे नको, कारण मागची बरीच वर्षं कंटाळवाणी आहेत. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा पालव आणि सी. रामचंद्र यांनी रंगमंचावरचा झगमगाट मराठी माणसाच्या हातनं हिंदी पडद्यावर आणला, तेवढं सांगून पुढं सरकतो. त्यानंतरचे ऑर्केस्ट्रे म्हणजे एकसारखे कोट, गळ्याला बो, पुढ्यात पुठ्ठ्याचं स्टँड आणि मागे बँकेतल्या कारकुनांसारखे बसलेले वादक. वाजवायचे चांगलं, पण बघायला काही नसायचं. गिटारवाला तर शेवटच्या रांगेत.

त्याला पुढं आणलं १९८० नंतरच्या दशकानं. १९८० मध्येच ‘कर्ज’ आला. अवाढव्य फिरत्या तबकडीवर चंदेरी कपड्यांतला ऋषी कपूर नाचला आणि गिटारच्या एका धूनवर पुनर्जन्माची अख्खी कथा उभी राहिली. पाठोपाठ १९८२ च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’. त्यात गिटारमध्ये वीज सोडून नायकाला मारण्याचा कट होतो, मरते त्याची आई, आणि मिथुनला गिटारचीच धास्ती बसते. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. हसोत बापडी. ज्या सिनेमात वाद्य कोणाचा तरी जीव घेतं, त्या सिनेमानं त्या वाद्याला केवढा मान दिला ते बघा. बप्पी लाहिरीचं ते संगीत सोव्हिएत रशियातही डोक्यावर घेतलं गेलं. मग उधन्यानं घेतलं तर काय बिघडलं?

गिटारच्या आकाराचं जरा सांगायला हवं. साध्या गिटारला पोकळ पोट लागतं, कारण आवाज त्या पोटात घुमतो. तिचा आकार बदलला की आवाज बदलतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तारांखाली बसवलेलं पिकअप तारांची थरथर पकडतं आणि अँप्लिफायरकडे पाठवतं. लाकूड चौकोनी कापा, बाणासारखं कापा, तिचं चालतं. अमेरिकेत बो डिडली चक्क खोक्यासारखी चौकोनी गिटार घेऊन उभा राहायचा. गिब्सन कंपनीनं १९५८ मध्ये इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची ‘फ्लाइंग व्ही’ काढली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत तिच्या शंभरही गिटारी बाहेर पडल्या नाहीत. लोकांना ती विचित्र वाटली. पुढं अल्बर्ट किंगनं, जिमी हेंड्रिक्सनं ती खांद्याला लावली आणि तीच दिमाखाची खूण झाली. १९८४ च्या ‘पर्पल रेन’मध्ये प्रिन्सच्या हातात पांढरी, ढगासारखी वळणं घेतलेली गिटार होती. आमच्याकडे तो सिनेमा कोणी पाहिला नव्हता. पण व्हिडिओ कॅसेटवरून, रंगीत मासिकांतल्या फोटोंवरून हे आकार सुरतेत पोचले खरे.

पोचले म्हणजे दुकानात आले असं नव्हे. ते इथल्या सुतारांनी केले. प्लायवूडवर पेन्सिलीनं ‘व्ही’ आखायचा, करवतीनं कापायचा, वर गाडीचा रंग मारायचा आणि कडेनं आरशाचे तुकडे चिकटवायचे. एका ऑर्केस्ट्रा पार्टीकडे विजेच्या लोळासारखी गिटार होती, दुसरीकडे दोन मानांची. त्या दुसरीच्या वरच्या मानेवर ताराच नव्हत्या. खरी वाजायची ती मागे, कोलकात्याच्या गिवसनची साधी गिटार. चष्मेवाला एक गृहस्थ खुर्चीत बसून ती वाजवायचा. पुढचा नाचायचा, गुडघ्यावर घसरायचा, दातांनी तार तोडल्याचा आव आणायचा.

फसवणूक? मग ‘कर्ज’मध्ये तरी काय होतं? पडद्यावर बोटं ऋषी कपूरची, पण गिटार वाजवली होती गोरख शर्मांनी. सिनेमाचे संगीतकार प्यारेलालजींचे ते भाऊ. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी ते गेले, तेव्हा किती जणांनी दखल घेतली? आमच्या ऑर्केस्ट्रात निदान चष्मेवाला सगळ्यांना दिसायचा आणि शेवटी टाळ्या त्यालाही मिळायच्या.

आणि कपडे! इथं सुरतेचं म्हणून काही सांगण्यासारखं आहे. मुंबईच्या कलाकाराला चमचमता कोट हवा असेल तर कापड शोधावं लागे. आमच्याकडे ते गल्लीत पडलेलं असे. जरी हा सुरतेचा पिढीजात धंदा. चांदीची तार खेचायची, चपटी करून तिचा बादला करायचा, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायचा, वर सोन्याचा मुलामा द्यायचा. येवल्याच्या पैठणीच्या पदरातली जरदेखील इथनंच जाते. २०१० मध्ये सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी खऱ्या जरीच्या शेजारी प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची स्वस्त जर आली होती. पॉलिस्टरवर टिकल्या लावलेलं कापड साड्यांसाठी निघायचं आणि त्याचे कटपीस मार्केटमधनं किलोवर मिळायचे. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या खान्देशी पोरांनी त्या कटपीसचे कोट शिवून घेतले. दिवसभर ज्यांच्या केसात सूत आणि हाताला ग्रीस, तेच रात्री स्टेजवर दिवाळीच्या फुलबाजीसारखे तडतडायचे. साडी कोण नेसतं ते त्यांना कधी दिसलं नाही. हा कोट मात्र त्यांनी स्वतः घातला.

तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. आमच्या सांस्कृतिक वर्तुळातले एक ज्येष्ठ, नाव घेत नाही, दर बैठकीत म्हणायचे, “ही सर्कस बंद करा.” गांधी स्मृती भवनात भावगीतांचा कार्यक्रम असला की हेच गृहस्थ पहिल्या रांगेत. त्यांच्या घरी बालगंधर्वांचा फोटो होता, हार घातलेला. आता बालगंधर्व म्हणजे काय साधेपणाचा पुतळा? १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, बडोद्याच्या सयाजीरावांचा आश्रय मिळाला, आणि त्यानंतर शालू, पैठण्या, दागिने, अत्तरं, गालिचे यांवर बालगंधर्वांनी जो पैसा ओतला त्यापायी कंपनी कर्जात बुडाली तरी हात आखडला नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला डोळ्यांचंही सुख मिळालं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. स्त्रीभूमिकेतला, भरजरी शालूतला पुरुष चालतो, टिकल्यांच्या कोटातला लूमवाला चालत नाही, तो का? मी हे तेव्हा बैठकीत विचारलं होतं. उत्तर म्हणून मला पुढच्या वर्षी बैठकीचं बोलावणंच आलं नाही.

गुजराती मंडळींना हा गंड कमी होता. मेहसाणा जिल्ह्यातल्या कनोडा गावचे महेश आणि नरेश कनोडिया घ्या. दलित, गिरणी कामगाराच्या घरातले भाऊ. ‘महेशकुमार अँड पार्टी’ घेऊन गावोगाव फिरले, परदेशी गेले. महेशभाई पुरुषाच्या आणि बाईच्या दोन्ही आवाजांत गायचे. नरेश जॉनी वॉकरची नक्कल करून ‘जॉनी ज्युनियर’ झाला आणि मग गुजराती सिनेमाचा नायक. त्यांचे कपडे पाहिले असते तर आमच्या ज्येष्ठांना घेरी आली असती. पुढं महेशभाई पाटणचे खासदार झाले, लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं. २०२० च्या ऑक्टोबरात एक भाऊ २५ तारखेला गेला, दुसरा २७ ला. पुढच्या वर्षी दोघांना मरणोत्तर पद्मश्री. कोरोनाचे दिवस होते. एरवी त्या अंत्ययात्रेला अर्धा गुजरात लोटला असता.

नव्वदनंतरचं थोडक्यात आटोपतो, कारण मला त्यात रस नाही. की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, दहा जणांचं काम चौघांत व्हायला लागलं. मग आधीच रेकॉर्ड केलेला ‘ट्रॅक’ आला आणि चौघंही जास्त झाले. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं शहर रिकामं झालं, आलेली बुकिंगं गेली. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी तापीत सुटलं आणि सुरत बुडाली. तळमजल्यावर ठेवलेले अँप्लिफायर, ड्रम, पेट्यांतले कोट सगळं चिखलात. प्लायवूडच्या गिटारी तर पावासारख्या फुगल्या. ते पुन्हा कोणी करून घेतलं नाही.

झगमगाट मात्र शहरातनं गेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. नवरात्रात बघा: आरसे लावलेल्या चणिया-चोळ्या, केडियू, फेटे, सगळी चमक खेळणाऱ्यांच्या अंगावर. गाणारी फाल्गुनी पाठक पँट-जाकिटात. तिची गोष्ट वेगळी, ती मैदान उभं नाचवते. पण तिच्याकडे बघून दहा जण साधे कपडे घालायला शिकले, मैदान नाचवायला एकही शिकला नाही.

बप्पीदा २०२२ च्या १५ फेब्रुवारीला गेले, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर सोन्याचे विनोद. २०१४ मध्ये लोकसभेला उभे राहिले तेव्हा त्यांनी प्रतिज्ञापत्रात ७५४ ग्रॅम सोनं दाखवलं होतं. सुरतेतल्या बऱ्या घरच्या लग्नात एवढं सोनं सहज नजरेला पडतं, पण तिथे विनोद करायची कोणाची हिंमत नाही. विनोद करणाऱ्यांत ते ‘सर्कस’वाले ज्येष्ठही होते. अजून खणखणीत आहेत, आणि अजून शालूबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे आहेत.

एक गोष्ट अजून टिकली आहे, ती मंडपाच्या बाहेर. खान्देशी लग्नाच्या वरातीत गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला बेंजो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरितानं काढलं. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, पितळी फुलं ठोकली, रंगीत बल्ब लावले आणि त्याचं पार वेगळंच काहीतरी केलं. २०१६ मध्ये रवी जाधवनं रितेश देशमुखला घेऊन त्यावर हिंदी सिनेमाही काढला. ‘फ्लाइंग व्ही’पेक्षा चमत्कारिक वाद्य आपल्याच गल्लीत वाजतंय, आणि मंडळाच्या क्लासी कार्यकर्त्याला ते ऐकू येत नाही.

परवा लिंबायतमधल्या एका शिंप्याकडे गेलो होतो. एके काळी ऑर्केस्ट्राचे कोट तो शिवायचा. आता दुकान मुलगा बघतो. टिकल्यांचं कापड अजून लावलेलं दिसलं म्हणून मी सहज विचारलं, मोठ्या मापात शिवाल का? मुलानं टेप काढला, माझ्या छातीचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि विचारलं, “काका, नातवाच्या शाळेचं गॅदरिंग कधी आहे?”